काळी फळी, पांढरी फळी

माझं नाव हसुराम. घणसोली गावातला.
आयशीनं नाव ठेवलं, ते लोकांनीच मनावर घेतलं:
हळदीला मी, बारशाला मी,
तेराव्यालासुद्धा एखादा किस्सा
माझ्याकडून निघालाच पाहिजे.

रबाळ्याच्या कंपनीत सव्वीस वर्षं
इंजेक्शनच्या ॲम्प्यूल बघतो. दिव्याखाली.
आधी काळ्या फळीसमोर पाच सेकंद,
मग पांढऱ्या फळीसमोर पाच.
काळ्यावर काचेचा कण दिसतो, पांढऱ्यावर जळका.
दिसला की लाल ट्रे.
लाल ट्रेला कुलूप असतं.

मार्चच्या ऑडिटआधी तीन दिवस
मला सगळ्यांतच कण दिसायला लागला.
चारशे काढल्या, मग हजार.
दुसऱ्यानं तपासल्या. स्वच्छ होत्या.
डोळ्यांचा डॉक्टर म्हणाला, डोळे उत्तम.
तेव्हा कंपनीनं ऐरोलीचा पत्ता दिला,
खाली झेरॉक्सचं दुकान, वर कोयंडे मॅडम.

तयारीनं गेलो. फाइल घेऊन.
मनात म्हटलं, दिवा कुठाय?
दिवा नव्हता. दोन खुर्च्या, सारख्याच उंचीच्या,
खिडकीत एक टॉवेल, काढायचा राहिलेला.
मी तीन किस्से सांगितले.
पहिल्याला त्या हसल्या, हसू आलं म्हणून.
तिसऱ्याला नाही हसल्या,
आणि तोंडही पाडलं नाही.
"सांगताना तुमची मूठ वळली होती," एवढंच.
मी हात बघितला. वळली होती.

"मी काय करू?"
चार मंगळवार हेच विचारलं.
आमच्यात भगत सांगतो, थोरला सांगतो,
सुपरवायझर तर छापून देतो.
त्या म्हणाल्या, "मला खरंच माहीत नाही.
तुम्ही शोधा. मी इथं बसलेय."
घरी बेबीला सांगितलं, तर ती म्हणाली,
"मंग पैसं कशाचं घेतं ती?"

पाचव्या मंगळवारी प्लॉटचं निघालं.
साडेबारा टक्क्यांतला, बापाच्या खाजणाच्या बदल्यात आलेला.
थोरल्यानं विकला. मी सही केली.
सही करताना विनोदही केला,
बिल्डरचा माणूस पोट धरून हसला.
मॅडम म्हणाल्या, "भावाचा राग आला असेल."
मी हो म्हणणारच होतो, सवयीनं.
पण तो शब्द बसेना,
देवळाबाहेर दुसऱ्याची चप्पल घातल्यासारखा.
म्हटलं, "नाय. राग नाय."
आणि त्या बाईनं, भिंतीवर दोन सर्टिफिकिटं असलेल्या बाईनं,
आपला शब्द परत घेतला.
"माझं चुकलं. राग नाही. मग?"

मग पंखा. खालचं झेरॉक्स मशीन.
कुणाच्या तरी दाखल्याच्या दहा-बारा प्रती निघत होत्या,
त्या सगळ्या निघून झाल्या
तरी त्यांनी मधे काही टाकलं नाही.

"वाईट वाटलं," मी म्हणालो.
बावन्न वर्षांचा माणूस.
"मना वाईट वाटलं."
लहान पोराचं वाक्य.
कुणी ते उचलून उजेडात धरलं नाही,
काळ्यासमोर नाही, पांढऱ्यासमोर नाही.
लाल ट्रे मी शोधला. नव्हता.

सगळं नीट झालं असं नाही.
भावाशी बोलणं बंदच आहे. रात्री तीनला जाग येते.
कामावर परत घेतलंय, आधी लेबलला,
आता पुन्हा दिव्याला.
काल एकीत काहीतरी चमकलं. हात ट्रेकडे गेला होता.
थांबलो. उलटी करून बघितली.
कण असला तर खाली बसतो, बुडबुडा वर जातो.
कामावर पहिल्या दिवशी शिकवतात हे.
वर गेला.

शनिवारी गोठिवलीला हळद होती.
"हसुराम, होऊन जाऊ दे एक!"
म्हटलं, "आज नाय रं."
बेंजो वाजतच राहिला.
कुणीतरी एक खुर्ची सरकवली,
प्लास्टिकची, एक पाय जरा वाकडा.
मी बसलो.